धंतोलीतील समुद्र

नागपुरास समुद्र नाही. मुंबईहून निघालेली आगगाडी ८३७ किलोमीटर धावते, तेव्हा कोठे नागपूरचे स्टेशन येते. आणि पूर्वेकडचा समुद्रही काही जवळ नाही. म्हणूनच धंतोलीत रामकृष्ण मठापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या दोन भावंडांनी दिवाळीच्या सुट्टीत मालवणचा समुद्र पाहिला, तेव्हा त्यांना तो सोडून येववेना. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात बोटाएवढे मासे फिरत होते, शंखात दडलेले खेकडे तिरपे चालत होते. तेथील किनाऱ्यालगतचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथून जिवंत प्राणी उचलायचा नाही, हे त्यांना ठाऊक होते. धाकट्याने मग एक युक्ती काढली. त्याने पाण्याची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरली, बूच घट्ट लावले आणि तो ‘समुद्र’ कपड्यांच्या पिशवीत घालून नागपुरास आणला.

आठ-दहा दिवसांनी बूच उघडले, तेव्हा त्या समुद्राला डबक्याचा वास येत होता.

धाकटा हिरमुसला. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी त्यांची आत्या त्याच सुमारास घरी आली होती. तिने बाटली नाकाशी नेली आणि ती हसली नाही. ती म्हणाली, “अरे, तू नुसते पाणी आणले नाहीस. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव होते. त्यांना तू अंधारात कोंडलेस. बाटलीतला प्राणवायू संपला, ते मेले आणि कुजले. समुद्र वाहून आणता येत नाही. पण तो घडवता मात्र येतो. तुमच्याआधी एका बाईने ते करून पाहिले आहे.”

ती बाई म्हणजे लंडनची अ‍ॅना थिन. १८४६ साली टॉर्की या गावच्या किनाऱ्यावरून तिने दगडी प्रवाळाचे जिवंत तुकडे एका बरणीत घालून लंडनला आणले. लंडन हेही समुद्रकाठचे शहर नव्हे. घरी आणलेले ते प्राणी जगवायचे, तर पाण्यात हवा मिसळत राहिली पाहिजे. त्या काळी विजेचे पंप नव्हते. तेव्हा तिच्या घरातील मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. पुढे अ‍ॅना थिनने त्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या, आणि तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले. समुद्री जीव घरात दीर्घकाळ सांभाळण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांत तिच्या या उद्योगाची गणना होते. त्या मोलकरणीचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही.

आजोबा ऐकत होते. तरुणपणी मुंबईस गेले असता त्यांनी मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडले आणि पुढे कित्येक दशके मुंबईस येणारी मुले ते पाहिल्यावाचून परतत नसत. आजोबा म्हणाले, “त्या मत्स्यालयाच्या दारासमोरच समुद्र होता. आपल्या नळाला येते ते पेंच-कन्हानचे गोडे पाणी. त्याचा समुद्र कसा होणार?”

आजीने सुचवले, “त्यात मीठ घाला, म्हणजे झाले!”

आजीची सूचना अगदीच चुकीची नव्हती, परंतु अपुरी होती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या क्षारांचे शंभर भाग केले, तर त्यांतले साधारण अठ्ठ्याहत्तर भाग आपल्या जेवणातले मीठ असते. उरलेल्या भागांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. हा उरलेला भाग थोडा दिसतो, पण कॅल्शियमवाचून शंखाचे कवच वाढत नाही आणि केवळ मिठाच्या पाण्यात समुद्री मासाही जगत नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज जगातील महासागरांचा अभ्यास करीत फिरले. त्याने ठिकठिकाणांहून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण केले आणि १८८४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कोठे अधिक खारट, कोठे कमी. परंतु मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखेच, असे त्याला आढळले. आज दुकानात मिळणारे ‘समुद्रक्षार’ याच प्रमाणात मिसळलेले असतात. म्हणून मालवणचे पाणी असो की धंतोलीत घडवलेले असो, माशाला त्यात मोठा फरक जाणवत नाही.

मग बेत ठरला. वडिलांची अट एकच होती: आधी सगळा हिशेब कागदावर मांडायचा, मग खर्च. हा हिशेब थोरल्या बहिणीने केला. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच घ्यायची. तिच्यात ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर १६२ लिटर होते. खडक आणि वाळू यांनी अडवलेली जागा वजा करता पाणी सुमारे १५० लिटर उरते. दर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे क्षार लागतील ५,२५० ग्रॅम, म्हणजे सव्वापाच किलो. पाण्याचेच वजन दीडशे किलोंहून अधिक, वर खडक, वाळू आणि काच! ही टाकी पुस्तकांच्या कपाटावर ठेवण्याचा धाकट्याचा विचार येथेच रद्द झाला. तळमजल्यावरच्या खोलीत, खिडकीच्या उन्हापासून दूर, लोखंडी घडवंचीवर जागा नेमली गेली.

“एवढी मोठी कशाला? लहान टाकी सांभाळायला सोपी नाही का?” आईने विचारले. लहान टाकी सोपी वाटते खरी, परंतु प्रकार उलटा आहे. कपातला चहा पाहता पाहता निवतो आणि घंगाळातले पाणी पुष्कळ वेळ गरम राहते. पाणी जितके अधिक, तितके त्यातले बदल सावकाश होतात. आणि माशाला मारतो तो बहुधा एकाएकी झालेला बदलच.

जानेवारीत टाकी आली. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन मिसळलेला असतो. तो माशांना घातक, म्हणून गाळणी-यंत्रातून शुद्ध केलेले पाणी घेतले. त्यात क्षार टाकून लहान पंपाने ते दिवसभर ढवळले. पाण्यात तरंगणारे एक काचेचे मापक मिळते; पाणी जितके खारट, तितके ते अधिक वर तरंगते. त्यावर १.०२५ चा आकडा आला, तेव्हा धाकट्याने बोट बुडवून चाखून पाहिले आणि ओरडून सांगितले, “मालवण!”

तळाशी चुनखडीच्या जातीची पांढरी वाळू पसरली आणि तिच्यावर भट्टीत भाजून केलेले सच्छिद्र कृत्रिम खडक रचले. खरे प्रवाळ ठेवले असते, तर टाकी अधिक सुंदर दिसली असती. परंतु प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेली वसाहत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला. तेव्हापासून आपल्या देशात समुद्रातून ते काढणे व विकणे हा गुन्हा आहे. समुद्रघोड्यालाही त्याच वर्षी असे संरक्षण मिळाले.

आता पाणी तयार, खडक तयार, पंप चालू. नागपूरच्या थंडीत रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, म्हणून पाणी २६ अंशांवर राखणारी विजेची कांडीही लावली. “आता मासे आणायचे ना?” धाकट्याने विचारले.

“नाही,” आत्या म्हणाली, “आता सहा आठवडे वाट पाहायची.”

सहा आठवडे! रिकाम्या टाकीकडे पाहत! धाकट्याला ही शिक्षा वाटली. परंतु सगळ्या उद्योगाची गुरुकिल्ली याच प्रतीक्षेत होती. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो. त्यातून अमोनिया निघतो, आणि अमोनिया हे विष आहे. अफाट समुद्रात ते पांगून जाते. दीडशे लिटरांत जाणार कोठे? ते नाहीसे करण्याचे काम काही सूक्ष्म जीवाणू करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू खडकांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. म्हणूनच खडक सच्छिद्र हवे. पण त्यांची वस्ती एका रात्रीत वाढत नाही. नवी टाकी मांडून त्याच दिवशी मासे सोडणारे पुष्कळ असतात. त्यांचे मासे पंधरवड्याच्या आत मरतात, आणि दोष मात्र पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो.

त्या जीवाणूंना अन्न म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या टाकीत पडू लागले. ते कुजे, अमोनिया होई. दर रविवारी थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकीत. अमोनिया असेल तर पिवळा रंग हिरवा होतो. पहिल्या रविवारी फिकट हिरवा, दुसऱ्या रविवारी गर्द हिरवा. तिसऱ्या रविवारी नायट्राइटनेही डोके वर काढले. बहीण हे सारे एका वहीत तारीखवार लिहीत होती. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हिरवा रंग विरत चालला. सहाव्या रविवारी खाद्य टाकून चोवीस तास झाले असतानाही नळीतले पाणी पिवळेच राहिले, नायट्राइटही नव्हते. टाकीत एकही मासा नव्हता, तरी टाकी जिवंत झाली होती.

या सहा आठवड्यांत धाकट्याने माशांची लांबलचक यादी केली होती. तिच्यात निळा, पिवळ्या शेपटीचा एक देखणा मासा पहिला होता. आत्याने यादी वाचली आणि पेन्सिलीने एकेक नाव खोडले. तो निळा मासा वाढून फूटभर लांब होतो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. शिवाय बाजारात येणारे असे बहुतेक मासे प्रवाळांच्या रांगांतून पकडून आणलेले असतात; आग्नेय आशियातील काही बेटांजवळ तर माशांना गुंगी आणण्यासाठी पाण्यात सायनाइड हे विष फवारीत. त्याने मासा हाती येई, पण भोवतीचे प्रवाळ मरत.

“पण एक मासा आणल्याने समुद्राचे काय कमी होणार, आत्या?”

या प्रश्नावर आत्याने त्याला फिलिप हेन्री गॉस याची हकिकत सांगितली. गॉस हा इंग्लंडमधील मोठा निसर्गाभ्यासक. चार प्रकारचे क्षार साध्या पाण्यात मिसळून त्याने कृत्रिम समुद्रजल केले आणि त्यात समुद्री जीव जगवून दाखवले. १८५४ साली त्याने यावर एक सुंदर सचित्र पुस्तक लिहिले. ते वाचून घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आणि हौशी लोकांच्या झुंडी जाळ्या-बरण्या घेऊन किनाऱ्यांवर लोटल्या. प्रत्येकजण थोडेसेच उचलीत होता. गॉसचा मुलगा एडमंड याने वडिलांबरोबर लहानपणी ते जीवांनी भरलेले खळगे पाहिले होते. १९०७ साली आपल्या आठवणी लिहिताना त्याला दुःखाने नोंदवावे लागले की, ते खळगे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. लोकांनी ते ओरबाडून रिकामे केले. गॉसचे समुद्रावर प्रेम होते, यात शंका नाही.

धाकटा पुष्कळ वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, “मग समुद्रातून न आणलेला मासा कोठे मिळतो?”

तसा मासा मिळतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा हल्ली टाक्यांतच अंडी घालतो व वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तमिळनाडूतील मंडपम येथे त्याच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. अंड्यांतून आठवडाभराने, अंधार पडल्यावर, पिल्ले बाहेर येतात. ती इतकी बारीक असतात की, त्यांना खाऊ घालण्यासाठी आधी त्यांच्याहून बारीक जीव वाढवावे लागतात. अशा पिल्लांना समुद्र ठाऊक नसतो. माणसाने टाकलेले दाणे ती आनंदाने खातात. त्यांचा आणखी एक चमत्कार असा की, लहानपणी ती सगळी नर असतात, आणि जोडीतील जो मासा वरचढ होतो त्याची मादी बनते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अशी दोन पिल्ले प्राणवायू भरलेल्या पिशवीतून रात्रीच्या गाडीने आली. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारखे ऊनगार व्हावे. मग तासभर टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घातले, आणि शेवटी पिल्ले अलगद आत सोडली. ती एका खडकाच्या कपारीत शिरली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर आली. काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी पुढे चार गोगलगाई आल्या. यापलीकडे वर्षभर काही आणायचे नाही, असे ठरले. दर पंधरवड्यास पंधरा लिटर जुने पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालायचे, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होते. दाणे दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील इतकेच.

एप्रिल उजाडला आणि नागपूरचा उन्हाळा सुरू झाला. पाण्याची उष्णता २६ वरून २९ अंशांवर गेली. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात २० अंशांवर सुमारे सात मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशांवर जेमतेम सहा. आणि नेमक्या त्याच वेळी माशाला तो अधिक हवा असतो. उपाय आजोबांना ठाऊक होता, कारण माठ आणि वाळ्याचे ताटे यांत तोच उपाय आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा ती उष्णता घेऊन जाते. टाकीवर लहान पंखा लावताच पाणी पुन्हा २७ अंशांवर आले.

परंतु पंख्याने दुसरेच संकट उभे केले. पाणी रोज एक सेंटिमीटर उतरू लागले. टाकीच्या लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर हे रोजचे चार लिटर होतात. धाकट्याने इमानेइतबारे रोज चार लिटर खारे पाणी कालवून टाकीत भरले. चौथ्या दिवशी बहिणीने मापक बुडवले, तर आकडा १.०२८! वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. चार लिटरांबरोबर रोज १४० ग्रॅम क्षार नव्याने पडत होते. मासे अजून नेहमीसारखे पोहत होते, पण आणखी पंधरा दिवस असेच चालते तर? धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने दूरध्वनीवर सांगितले, “एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. रोज थोडे खारे पाणी काढा आणि तेवढे गोडे घाला.” आकडा पूर्वपदावर येण्यास पाच दिवस लागले. त्यानंतर काचेवर पाण्याच्या पातळीची एक बारीक रेघ ओढली गेली. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी घालण्याचे काम धाकट्याने कोणास करू दिले नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी बाहेर पारा ४६ अंशांवर असताना वीज गेली. पंखा थांबला, पंप थांबला. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्यायचा राहून गेला होता. पाऊण तासात पाणी ३१ अंशांवर आले, आणि दोन्ही मासे वर येऊन भराभर कल्ले हलवू लागले. आईने बर्फाच्या बाटल्या, बुचे घट्ट लावून, पाण्यात तरंगत ठेवल्या. आजीने ओली चादर काचेभोवती गुंडाळली आणि हाताशी असलेला तांब्या पुढे केला.

“तांब्या नको, आजी! तांबे पाण्यात उतरले तर गोगलगाई मरतील,” असे म्हणत बहिणीने स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा मग आणला. मग तिने पाणी भरून घेतले, हात उंच केला आणि ते वरून धारेने टाकीत सोडले. पुन्हा भरले, पुन्हा सोडले. हात भरून आला तेव्हा मग धाकट्याने घेतला. दर शंभर धारांनंतर पाळी बदलायची, असे ठरले.

“ताई, लंडनच्या त्या बाई रोज पाऊण तास असेच करीत होत्या ना?” मध्येच धाकट्याने विचारले.

“हो. आणि तिथे उकडत तरी नव्हते.”

वीज आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. दोन तास पाण्याची धार थांबली नव्हती. मासे केव्हाच खाली जाऊन खडकाशी फिरू लागले होते. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी सीताबर्डीवरून बॅटरीचा पंप आणला.

जूनच्या मध्यावर पाऊस आला. हवा दमट झाली, पाण्याची वाफ मंदावली आणि पंखा काढून ठेवला गेला. सकाळी धाकटा नेहमीप्रमाणे गोड्या पाण्याचा मग घेऊन टाकीपाशी आला. पाणी रेघेला टेकलेलेच होते. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने मग खाली ठेवला आणि दाण्यांची डबी उघडली.